तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेल्या माणसांच्या मात्रा

परवा पुन्हा तोच प्रश्न आला. कोथरूडमध्ये एका वाचकगटात बोलायला गेले होते. चहाच्या वेळी एक निवृत्त गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका. लढाईत माणसं मेली, कुणी त्यावर पोटतिडकीनं कविता लिहिली, आणि तुम्ही तिच्या मात्रा मोजत बसता. तुम्हाला काही वाटत नाही का हो?" हाच प्रश्न मला माझ्या धाकट्या जावेनं विचारलाय, विद्यार्थ्यांच्या पालकांनी विचारलाय, आणि कविसंमेलनात शेजारी बसलेल्या कवींनी तर माईकवरून विचारलाय. कवितेचं पोस्टमॉर्टेम करता, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सत्तावीस वर्षं मी मराठी शिकवते. इतकी वर्षं असलं काही ऐकलं की मी विषय बदलत आले. आता सविस्तर लिहिते.

वाटतं. खूप वाटतं. आणि तुम्ही समजता तसं वाटणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं मी करत नाही.

तुम्हा सगळ्यांना पाठ असलेली कविता घ्या. १६७४ साली प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडीत सहा सरदारांसह शत्रूच्या फौजेवर तुटून पडले, त्यावरची कुसुमाग्रजांची. गाण्याची चाल क्षणभर बाजूला ठेवा आणि धृपदाची ओळ नुसती म्हणा: वेडात मराठे वीर दौडले सात. बोटांवर मोजा, ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. शेवटचा 'त' थोडा लांबवून धरलात तर बावीस मात्रा भरतात. पुढची ओळही बावीस, त्याच्या पुढचीही. कडव्यातल्या तीन ओळींचं यमक आपसात जुळतं, चौथी ओळ मात्र दरवेळी 'सात'च्या यमकाकडे वळते. ऐकणाऱ्याचा कान तिथे आधीच जाऊन थांबलेला असतो. म्हणजे दर कडव्याला ते सातजण आपण पुन्हा एकदा मोजतो, आपल्याही नकळत.

आणि ते मरतात कसे, तेही पाहा. 'मेले' हे क्रियापद तिथे नाहीच. जीव गर्दीत लोपतात, आणि पुढच्या ओळीत वणव्यात जळतात ते पक्षी. मग शेवटच्या कडव्यात काळच बदलतो. दगडावरच्या टाचा, ओढ्यातला रंग, क्षितिजावरचा मातीचा ढग, तिन्ही ओळींत 'अजुनि', एकही भूतकाळात नाही. आणि मात्रा? बावीसच. घोडे केव्हाच पडलेत, टापा चालूच आहेत.

आठ वर्षांची असताना ही कविता ऐकून मी रडले होते. आजही अंगावर काटा येतो. पण सात माणसांनी हजारोंवर चालून जाणं शहाणपणाचं होतं का, हा प्रश्न ती लय मला विचारू देत नाही. प्रश्न विचारायला थांबावं लागतं आणि या कवितेत थांबायला जागाच नाही. त्या घोड्यावरून खाली उतरायचं असेल तर मला तरी मात्रा मोजण्याखेरीज दुसरा रस्ता माहीत नाही. उतरल्यावर कविता लहान होते असं तुम्हाला वाटत असेल. मला ती उलट जास्त भीतिदायक वाटते, आणि जास्त मोठीही.

भाषेचंही तसंच. वर्तमानपत्रात दंगल 'उसळते', हिंसाचार 'भडकतो', दगडफेक 'होते', दुकानं 'भस्मसात होतात'. वाक्यात कर्ताच नाही. जणू वळवाचा पाऊस आला आणि गेला. चांगला कवी अशा वेळी कर्ता शोधून त्याला वाक्याच्या तोंडाशी आणून बसवतो, किंवा त्याची जागा अशी रिकामी ठेवतो की ती आपल्याला टोचत राहते. २६ जानेवारीला सकाळी फोनवर येणाऱ्या कवितांत रक्त 'सांडतं' आणि मस्तक 'झुकतं', पण कुणाचं रक्त आणि कुणाचं मस्तक ते कधीच कळत नाही. साताऱ्याकडच्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्यांवर असतं. नुसते आकडे, एकही नाव नाही. ती पाटीसुद्धा एक रचना आहे. तिच्यात काय गाळलंय हे वाचता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

इथपर्यंतचं सगळं मी त्या गृहस्थांना चहाचा कप हातात घेऊनही सांगू शकले असते. पुढचं सांगता आलं नसतं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.ए.च्या वर्गात सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी होती. मागच्या बाकावर बसायची, वही आखून घ्यायची, बोलायची कमी. १५ ऑगस्टला विभागाचं भित्तिपत्रक निघायचं आणि ते माझ्याकडे होतं. तिनं एक कविता दिली. पाच ओळींची, शीर्षक नसलेली:

दुपारी गाडी आली.
पेटी आली.
पेटी आली.
आबांनी कुलूप तोडलं.
किल्ली दादापाशी.

मी स्टाफरूममध्ये बसून, समोर असे पंधरा-वीस कागद, लाल पेननं तिसरी ओळ खोडली. समासात लिहिलं, 'पुनरुक्ती टाळावी.' खाली लिहिलं, 'आशय चांगला. विस्तार करता येईल.' तिनं सुधारून, म्हणजे चार ओळींची करून, सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून दिली. ती भिंतीवर लागली.

पुढच्या आठवड्यात तौलनिक साहित्याच्या तासाला मी पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीची कविता घेतली. रोमन कवी होरेसच्या लॅटिन ओळीचं शीर्षक असलेली, देशासाठी मरणं गोड आणि शोभिवंत या वचनाला जुनं असत्य म्हणणारी. १९१७ साली एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात त्यानं ती लिहायला घेतली. १९१८च्या ४ नोव्हेंबरला, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, पंचविसाव्या वर्षी तो मारला गेला. मी मूळ इंग्रजी कवितेच्या झेरॉक्स वाटल्या होत्या आणि फळ्यावर रचना मांडली होती. ओळी अठ्ठावीस, म्हणजे चौदा ओळींच्या दोन सुनीतांइतक्या. विषारी वायूचा हल्ला होतो, एकाला मुखवटा वेळेत चढवता येत नाही, आणि कवीला तो मुखवट्याच्या धुरकट काचेतून हिरव्या समुद्रात बुडताना दिसतो. चौदाव्या ओळीचा शेवटचा शब्द 'ड्राउनिंग', बुडताना. मग एक ओळ कोरी. मग दोनच ओळींचं एकटं कडवं: माझ्या प्रत्येक स्वप्नात तो माझ्यावर झेपावतो. आणि त्याचा शेवटचा शब्द पुन्हा 'ड्राउनिंग'.

मी वर्गाला म्हटलं, यमकाला इथे दुसरा शब्द हवा होता. या कवीला दुसरा शब्द मिळाला नसेल का? यमकं त्याच्या हातचा मळ. पण त्यानं तोच शब्द ठेवला, कारण त्या माणसाला दुसरं काही होऊच शकत नाही. पहिलं बुडणं भूतकाळातलं, दुसरं वर्तमानकाळातलं. शब्द एक, बुडणी दोन. मधल्या कोऱ्या ओळीत सगळं आयुष्य निघून जातं. हे सांगताना माझा आवाज भरून आला होता, आणि वर्ग अगदी गप्प झाला होता.

तास संपल्यावर ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "मॅडम, माझ्यापण पेट्या दोन होत्या."

मला कळेना.

"एक दुपारी आली, गाडीतनं. दुसरी दिवाळीनंतर आली, युनिटनं पाठवली. त्याच्या सामानाची."

काळी पत्र्याची ट्रंक असते, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. फौजीच्या घरात तिला पेटीच म्हणतात. आणि शव येतं तीही पेटीच.

त्यावर मी काय बोलले? "अगं, मग ते कवितेत यायला हवं ना. वाचणाऱ्याला कसं कळणार?" हे मी म्हटलं. भाऊ गेलेल्या मुलीला, दारात उभी असताना. ती शांतपणे म्हणाली, "गावात वर्षश्राद्धाला वाचली, तेव्हा सगळ्यांना कळलं." आणि गेली. पुढे ती परीक्षेला बसली, उत्तम गुणांनी पास झाली. मला भेटायला मात्र पुन्हा आली नाही.

मला माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला आणि दोन-तीन जवळच्या माणसांना सांगत आले. ते खरं नाही. आदल्या वर्षी तिची हजेरी कमी भरली होती, तेव्हा तिनं अर्ज दिला होता. कारण म्हणून 'भाऊ ड्युटीवर असताना वारल्यामुळे' असं लिहिलं होतं. त्या अर्जावर माझी सही आहे.

आता तुम्ही म्हणाल, बघा, हेच तर आम्ही म्हणत होतो. मात्रा मोजता मोजता माणूस निसटला. मीही काही वर्षं असंच समजत होते. दोन वर्षं युद्धाच्या कविता वर्गात घेतल्याच नाहीत, निसर्गकविता घेतली. पण मग एकदा रात्री झोप लागेना, तेव्हा त्या पाच ओळी मनात म्हणत पडले होते आणि चौथ्या ओळीशी अडले. आबांनी कुलूप तोडलं. शवपेटीला कुलूप नसतं. गाडी पहिल्या पेटीची, कुलूप दुसऱ्या पेटीचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळण्याची सोय तिनं कवितेतच करून ठेवली होती, ढळढळीत, माझ्या डोळ्यांसमोर. मी तिसरी ओळ खोडली तेव्हा तिच्या दोन पेट्यांची एक केली. माझ्या 'सुधारलेल्या' कवितेत एक बाप आपल्या मुलाच्या शवपेटीचं कुलूप तोडतो. भित्तिपत्रकावर पंधरा दिवस ते लटकलं होतं, आणि माझ्यासकट कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

म्हणून मला पटत नाही की मी त्या दिवशी फार मोजलं. मी मोजलंच नाही. ओवेन कोण हे मला माहीत होतं, तो छापलेला होता, त्याच्यावर इतक्या वर्षांत खूप लिहिलं गेलं होतं, म्हणून त्याच्या कोऱ्या ओळीपाशीसुद्धा मी थांबले. मागच्या बाकावरच्या मुलीच्या लिहिलेल्या ओळीपाशी थांबले नाही. भावनेची कमी होती म्हणावं, तर त्या आठवड्यात माझा आवाज भरून आलाच होता. तो ओवेनसाठी आला.

पण इथेही माझं माझ्याशी जमत नाही. गावात वर्षश्राद्धाला जमलेल्या माणसांनी काय मोजलं होतं? काही नाही. त्यांनी दोन्ही पेट्या ओट्यावर पाहिल्या होत्या. कदाचित एखादीनं दुसरी पेटी उतरवायला हातही लावला असेल. त्यांना कुलपाचा पुरावा लागला नाही. मग माझी ही सगळी विद्या फक्त त्यांच्यासाठी आहे का, जे तिथे नव्हते? पुण्यात, नळस्टॉपपासून चालत कॉलेजला जाणाऱ्या, ज्यांच्या दारात अशी गाडी कधी आली नाही त्यांच्यासाठी? असेल. तसं असेल तर ती मला आणखीच हवी, असं मी एका दिवशी म्हणते. दुसऱ्या दिवशी वाटतं, ही पळवाट आहे, तेव्हा त्या मुलीला आत बसवून पाणी द्यायला हवं होतं आणि रचना गेली खड्ड्यात. हे वाद मी मिटवू शकलेले नाही आणि त्या गृहस्थांनाही मिटवून देऊ शकत नाही.

ती कविता आज कुठेही नाही. भित्तिपत्रकाच्या फायलीत आहे ती चार ओळींची, तिच्या अक्षरात, माझी दुरुस्ती पाळलेली. लाल खूण असलेला मूळ कागद मी तिला परत दिला होता. वर दिलेल्या पाच ओळी मी आठवणीतून लिहिल्या आहेत आणि शब्दांबद्दल माझी खात्री आहे. पण दर वर्षी ओवेन शिकवताना मी त्या कोऱ्या ओळीशी येते, खडू हातात असतो, आणि मला आठवत नाही की तिच्या दोन पेट्यांच्या मध्ये, त्या आखलेल्या कागदावर, तिनंही एक ओळ रिकामी सोडली होती का.