सेंदाईच्या भातशेतात समुद्र शिरला तेव्हा

आपल्याकडे पूर फुटाफुटानं चढतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हाही पाणी चढताना दिसत होतं. जपानमधल्या सेंदाईत राहायला आल्यावर इथल्या लोकांकडून २०११ च्या त्सुनामीचं ऐकायला लागलो आणि ही फुटांची सवय आधी डोक्यातून काढावी लागली.

जपानच्या पूर्वेला पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक अवाढव्य तुकडा, वर्षाला ८-९ सेंटीमीटर या गतीनं जपानखाली घुसत असतो. सांध्यात दोन्ही भूपट्ट अडकून बसतात, वरच्याची कड खाली ओढली जाते आणि शेकडो वर्षं ताण साठत जातो. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ वाजता तो सांधा सुटला. भूकंप ९ तीव्रतेचा होता. सागरी गर्तेजवळ समुद्राचा तळ सुमारे ५० मीटर सरकला, वरही उचलला गेला आणि त्यानं अंगावरचं सगळं पाणी उचललं.

वाऱ्यानं उठणारी लाट वरवरची असते. त्सुनामीत तळापासून वरपर्यंतचं पाणी हलतं. ४ किलोमीटर खोल समुद्रात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे कोल्हापूर ते मुंबई अंतर अर्ध्या तासात. दूरच्या खोल समुद्रात तिची उंची मीटरभरही नसते, जहाजावर कुणाला कळतसुद्धा नाही. किनाऱ्याजवळ तळ उथळ होतो, पुढचं पाणी मंदावतं आणि मागचं त्यावर चढत जातं. खोल समुद्रात लाटेची लांबीच शंभर-दोनशे किलोमीटर, त्यामुळे ती फुटून मागे जात नाही. पाणी कितीतरी मिनिटं आत येतच राहतं, काळंभोर, घरं आणि गाड्या पोटात घेऊन.

सेंदाईचं मैदान सपाट आहे, चढायला टेकडी नाही. अराहामाची चार मजली शाळा समुद्रापासून सुमारे ७०० मीटरवर होती. ३२० जण तिथे वर चढले आणि वाचले. ती इमारत आता जपून ठेवली आहे. समुद्र काही ठिकाणी ५ किलोमीटरपर्यंत आत आला आणि भराव टाकून उंच केलेल्या महामार्गानं बरंचसं पाणी अडवलं. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावानं पुराचं पाणी तुंबतं म्हणून आपण भांडतो. इथे तोच भराव चढून लोकांनी जीव वाचवला.

इशिनोमाकीच्या ओकावा शाळेबद्दल लिहिताना हात जड होतो. शाळेमागेच डोंगर होता, तरी मुलं मैदानावरच थांबली. जवळजवळ ५० मिनिटं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. कामाइशीत मात्र मुलांना शिकवलं होतं की हादरा बसला की घरच्यांची वाट न पाहता ज्यानं त्यानं उंचावर पळायचं. मोठी मुलं धावली, धाकट्यांचे हात धरून त्यांनाही वर नेलं आणि शाळेत असलेली मुलं वाचली. आईबापाला सोडून पळ, हे लेकराला शिकवणं आपल्याला निर्दय वाटेल. पण आईलाही खात्री हवी की पोर आधीच वर पोचलंय, तरच ती त्याला शोधायला खाली धावणार नाही. मला हा शहाणपणा सगळ्यात मोठा वाटतो.

देशभरात सुमारे १५,९०० माणसं गेली. २,५०० हून अधिक जणांचा अजून पत्ता नाही.

शिरोळच्या मामांनी हे सगळं फोनवर ऐकलं आणि विचारलं, "माणसांचं कळलं, पर जमिनीचं काय झालं रे?" शेतकऱ्याचाच प्रश्न. आपला महापूर गाळ ठेवून जातो. पीक जातं, रान मात्र पुन्हा उभं राहतं. समुद्र मीठ ठेवून जातो. २० हजार हेक्टरांहून जास्त शेती खाऱ्या पाण्याखाली गेली. शिरोळच्या क्षारपड रानात मीठ वर्षानुवर्षांच्या जादा पाण्यानं खालून वर आलं. इथे ते एका दुपारी वरून आलं. उपाय मात्र दोन्हीकडे एकच, निचरा. शेतात गोडं पाणी भरायचं, मुरू द्यायचं, काढून टाकायचं, परत भरायचं. चिकणमातीला धरून बसलेला सोडियम सुटावा म्हणून कॅल्शियम द्यायचं. आपल्याकडे त्यासाठी जिप्सम टाकतात.

अडचण अशी की सेंदाईचं रान सखल, पाणी आपोआप समुद्राकडे जात नाही, आणि ते उपसणारी किनाऱ्यावरची पंपघरं लाटेनं मोडली होती. त्यात भूकंपानं किनाराच खचला होता, ओशिका द्वीपकल्पाजवळ १ मीटरहून जास्त. मिठाआधी मोडतोड उचला, चाऱ्या मोकळ्या करा, पंप उभे करा, तेव्हा कुठे धुणं सुरू. काही शेतकऱ्यांनी मधल्या काळात अराहामाकडे कापूस लावला, तो मीठ सोसतो म्हणून. हळूहळू बहुतेक शेतं भाताखाली परत आली. "निचरा केला म्हणजे झालंच की," मामा म्हणाले. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं.

आपण गणपतीपुळ्याला, मालवणला जातो, म्हणून एवढं सांगतो. अरबी समुद्रालाही हे नवं नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावर भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती. आता हैदराबादच्या केंद्रातून इशारा दिला जातो. पण किनाऱ्यावर असताना बराच वेळ जमीन हलली किंवा पाणी अचानक दूरवर ओसरलं, तर मोबाइलची वाट पाहू नका. शिंपले वेचायला पुढे जाऊ नका. सड्यावर चढा, सामान राहू द्या. आणि पहिली लाट गेली म्हणून खाली उतरू नका. दुसरी-तिसरी कित्येकदा जास्त मोठी असते आणि तासाभरानंतरही येते.