क्लबहाऊसमधला बेली डान्स

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बेली डान्सचा क्लास घ्यायचा म्हणून अर्ज दिला, तर सेक्रेटरींचा पहिला प्रश्न, "मॅडम, कपडे कसले असतील?" लेगिंग, टी-शर्ट आणि कमरेला नाण्यांचा स्कार्फ, असं लेखी दिलं. क्लबहाऊस मिळालं, तेही दुपारचं आणि पडदे लावायच्या अटीवर. पडदे आमच्या बायकांनाही हवेच होते.

लाज लवकर जाते, गुडघे मात्र छळतात. शिमी, म्हणजे ती भरभर थरथर, बघायला कमरेची, पण चालते गुडघ्यांवर. दोन्ही किंचित वाकवून आळीपाळीनं पुढे-मागे केले की कंबर आपोआप थरथरते. नवीन बायका गुडघे ताठ ठेवून नुसती कंबर ढकलतात, मग दुसऱ्या दिवशी पाठ धरते. कथक शिकलेल्या मुलींचा पाय आपसूक आपटतो. "पाऊल गप्प ठेव गं, फक्त नाणी वाजू देत," हे मी अजूनही सारखी ओरडत असते. तालाचं मात्र काही अडलं नाही. मकसूम हा चार मात्रांचा अरबी ठेका: दुम तेक, तेक दुम, तेक. दुम म्हणजे भारी थाप, तेक म्हणजे हलकी. भजनी मंडळातल्या एका काकूंनी तो टाळीवर असा धरला की मोजून दाखवायचं काम मी त्यांच्यावरच सोपवलं.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला आजोबांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळे समोर. तिथे मी सईदी, म्हणजे काठीचा नाच, बसवला. दक्षिण इजिप्तमध्ये पुरुषांचा काठीचा खेळ आहे, तहतीब. बायका तीच काठी नाचात डौलानं, जरा थट्टेनं फिरवतात. अंगभर पायघोळ झगा हा या नाचाचा नेहमीचाच वेश, म्हणजे कुणासाठी काही झाकलं असं होत नाही. अशा वेळी काहीजणी हिंदी आयटम साँग लावून मोकळ्या होतात. टाळ्या पडतात, पण मग बेली डान्स म्हणायचं तरी कशाला? नाचाआधी माइकवर थोडक्यात सांगितलं: इजिप्तमध्ये लग्नाकार्यात घरच्या बायकाही असं नाचतात, नर्तकी बदिया मसाबनीनं १९२६ साली कैरोत आपला क्लब काढला आणि तिथे याला रंगमंचावरचं झगमगीत रूप येत गेलं. लोक ऐकतात हो, लांबवलं नाही तर.

ऐरोलीतल्या एका कंपनीच्या पार्टीत उलटा प्रकार. आयोजक म्हणाले, "टेबलांमधून एक चक्कर मारा ना." मी स्टेज सोडणार नाही, हे बोलणी करतानाच सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं. तिथे ओढणीसारखं लांब रेशमी वस्त्र घेऊन प्रवेश केला आणि शेवटी छोटा ड्रम सोलो. दरबुका या अरबी तालवाद्याच्या प्रत्येक थापेला कमरेचा एकेक झटका जुळला की हातातले ग्लास थांबतात. हल्ली अशा कामांचे निम्मे पैसे मी आधी घेते.

आता वाशीतून रविवारच्या बॅचची विचारणा आहे. हॉल मोठा आहे, पण फरशी फार गुळगुळीत. अनवाणी गिरकी घेऊन बघितल्याशिवाय भाडं ठरवणार नाही.