उघड्या धारेवरची दिवसभराची चाल: पाणी आणि मिठाचं गणित

पहाटे अंधारातच निघालो, कारण वाट सगळी उघड्या धारेवरून, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावरून. झाड नाही, आणि पाणी थेट पलीकडच्या उतारावरच्या झऱ्यात. ऊन चढेपर्यंत चाल छान झाली. खरं लिहायचंय ते दुपारबद्दल.

आमच्यातला एकजण तहान असो-नसो, प्रत्येक थांब्यावर बाटली रिकामी करत होता. दुपारी त्याचं डोकं दुखू लागलं, मळमळायला लागलं, बोटं सुजून अंगठी रुतली. ‘ऊन लागलंय, अजून पाणी पाज’ असा सगळ्यांचा आग्रह. सोबतच्या डॉक्टर मैत्रिणीने मात्र पाणी थांबवलं, त्याला कड्याच्या आडोशाला बसवलं आणि खारट खायला दिलं. बऱ्याच वेळाने त्याला भरपूर लघवी झाली आणि मग डोकं उतरलं.

तिथेच तिने कारण सांगितलं. रक्तातलं सोडियम लिटरला 135 ते 145 मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं. एडीएच हे संप्रेरक सुटतं, मूत्रपिंडं पाणी राखतात, तहान लागते. दिवसाला सुमारे 180 लिटर गाळून 99 टक्के परत घेणारी ही मूत्रपिंडं! जास्तीचं पाणी ती एरवी सहज बाहेर टाकतात. पण लांबच्या श्रमात आणि मळमळीत एडीएच गरज नसतानाही सुटत राहतं. मग पाणी आतच साठतं, सोडियम विरळ होतं आणि पाणी पेशींमध्ये शिरतं. मेंदूला तर कवटीत फुगायला जागाच नसते.

म्हणून या वाटेवर पाणी भरपूर न्या, पण प्या तहानेप्रमाणे. कमी पिणंही चालणार नाही: चढावर उन्हात घाम तासाला लिटरभरही जातो, आणि पाणी मिळालं नाही तरी शरीराला दिवसाला साधारण अर्धा लिटर लघवी करावीच लागते. लघवी गडद आणि थोडी होत असेल तर प्या. ती पाण्यासारखी स्वच्छ दिसावी म्हणून पीत राहू नका.

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. त्यातली साखर चवीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम आत जातं आणि त्यामागे पाणी. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही सोडियम लिटरला 75 मिलिमोलच, म्हणजे रक्ताच्या साधारण निम्मं. तेही बेसुमार प्यायलात तर सोडियम विरळ होणारच.

उन्हाची सवय नसेल तर आधी आठवडा-दोन आठवडे थोडंथोडं उन्हात चाला. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं चालताना टाळा, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा कुणाला फिट (आकडी) आली तर तोंडाने काहीही देऊ नका. अंग तापलेलं असेल तर तिथेच ओलं करून वारा घाला आणि लगेच मदत बोलवा. धारेवर फोन लागतो, झऱ्याच्या बाजूला उतरल्यावर लागत नाही, तेव्हा निर्णय वरच घ्या.