धोपाव्याला पोचेपर्यंत

माझ्या चित्रांच्या वहीत टेम्पोला मागची चाकं नसतात. माणसांना पाय असतीलच असं नाही. एका पानावर नुसतं शेपूट आहे. बाकीचा कुत्रा काढायच्या आत उठून गेला.

दोष माझा थोडा आणि वाशिष्ठीच्या खाडीचा जास्त. मी राहते दाभोळला आणि नोकरी खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. रस्त्याने जायचं तर चिपळूणचा भलामोठा वळसा, म्हणून सगळे फेरीबोटीने जातात. आमच्याकडे तिला जंगलजेटी म्हणतात. नावात जंगल असलं तरी तिच्यावर असतात त्या मोटारसायकली, चिऱ्याचे ट्रक आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांनी लादलेले टेम्पो. फळी वर उचलली जाते, बोट गरकन वळते, आणि समोरच्या काठावर, धोपाव्याला, फळी पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं कुणी मला काही काम सांगू शकत नाही. तेवढ्यात जे होतं ते चित्र.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. स्मरणचित्राला पावसातला बाजार आला की आम्ही खूश, कारण छत्र्या काढायच्या आणि अवघड चेहरे त्यांच्याखाली लपवायचे. हातही जमत नसत, म्हणून आमच्या बाजारातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे हात पिशव्यांच्या मागे. मग नोकरी, लग्न, मुलं. पेन्सिलीचं टोक काढलं ते मुलांच्या दप्तरासाठी.

चाळिशी उलटल्यावर पुन्हा हुक्की आली तेव्हा रीतसर सुरुवात केली. रत्नागिरीहून जाड कागद आणला, जलरंग आणले, रविवार सकाळ राखून ठेवली. त्या रविवारी दळण होतं. पुढच्या रविवारी पाहुणे. त्यानंतर एक रविवार खरोखरच मोकळा मिळाला, आणि मी त्या पांढऱ्याशुभ्र महागड्या कागदासमोर बसून शेवटी कपाट आवरलं. राखून ठेवलेल्या वेळेत माझ्याकडून काही होत नाही. देवाला ठेवलेल्या प्रसादासारखा तो वेळ नुसता झाकून राहतो.

बोटीवर मात्र धाक नसतो. वही हाताच्या पंजाएवढी, पेन्सिल एकच. बोट वळते म्हणून डोंगरही वळतो. डावीकडून सुरू केलेली टेकडी उजवीकडे येईस्तोवर वेगळीच झालेली असते. मागे दाभोळच्या शाही मशिदीचा घुमट माडांच्या आड जात असतो, तो आधी उरकून घ्यायचा. पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पाचं धूड आहे. जगभर त्याचा गाजावाजा झाला दाभोळच्या नावाने, आणि उभा आहे तो खाडीच्या पलीकडच्या काठावर. मी त्याला एका उभ्या रेघेवर भागवते. त्याहून जास्त शिसं त्याच्यावर घालवायची माझी इच्छा नाही.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. कागद पापडासारखा सादळतो. एचबी पेन्सिल त्यावर चरे पाडते, खोडरबर घासलं तर कागदाचाच भुगा निघतो, आणि जेल पेनची शाई अशी फुटते की होडीचा ढग होतो. चालते फक्त ४बी, तीही हात हलका ठेवला तर, आणि खोडायचं नाही या अटीवर. वही मी घरी आल्यावर तांदळाच्या डब्यात ठेवते. सासूबाईंनी पहिल्यांदा डब्यात हात घातला तेव्हा काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही पेन्सिलसुद्धा अडचणीतूनच आलेली. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं चांगलं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा १७९५ साली काँते नावाच्या गृहस्थाने हलक्या ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून भाजून काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ. माझी ४बी म्हणजे कमी मातीची.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, म्हणजे तसूभरही न हलणारं मॉडेल दोन महिने फुकट. त्या मी हौसेने पुऱ्या काढून पाहिल्या. पण फळ्या, दोऱ्या, गाठी सगळं जागच्या जागी असूनही ती पानं मला मेल्यासारखी वाटतात. शेपटाचं पान त्यांच्यापेक्षा बरं.

मागच्या हिवाळ्यात एक मासेवाली मावशी रोज कठड्यापाशी बसायची. पाटी पायाशी, हात गुडघ्यावर, नजर पाण्यावर. चार दिवस मी तिला चोरून काढत होते. पहिल्या दिवशी अंबाडा आणि पाठ, दुसऱ्या दिवशी हात (पिशवी नव्हती, त्यामुळे काढावेच लागले; बोटं सहा झाली होती, एक छायेत घातलं). चौथ्या दिवशी तिने मान न वळवताच विचारलं, "काय काढतेस गो?"

वही दाखवली. तिने ती लांब धरली, जवळ धरली. "माजा नाक येवढा मोटा हाय?"

मी म्हटलं, "नाही हो मावशी, बोट हलली."

"पाटी रिकामी कशी? लोक म्हणतील, हिला काय गावलाच नाय."

तेवढ्यात तिच्या ओल्या हातावरचं पाणी पानावर पडलं. पेन्सिलीची रेघ पाण्याने पसरत नाही, पण कागद फुगला, आणि त्यावर एक खवला चिकटला. फळी पडायला आली होती, मासे भरायला वेळ नव्हता. "मला दे तो," ती म्हणाली. मी पान फाडून दिलं.

आठवड्याने तिने घडी घातलेला तोच कागद माझ्यापुढे धरला. नातवाने मेणखडूंनी काम केलं होतं. खाडी लाल, मावशीचं लुगडं हिरवं, नाकाला मात्र हात लावलेला नव्हता. आणि पाटी शिगोशिग भरलेली, त्यातला एक मासा तर पाटीपेक्षा लांब, शेपूट थेट पानाबाहेर गेलेलं.

"पोरानं भरलान बघ," मावशी म्हणाली. "आता टेम्पो दे म्हणतो, चाकं लावायला."