दीड महिन्याचा उशीर

आमच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान आहे, दोघा सिंधी भावांचं. राहतात पलसीकर कॉलनीकडे (नाव मराठी आणि वस्ती बरीचशी सिंधी, हे इंदूरातच जमतं). थोरले नोव्हेंबर २०१४ ला बायकापोरं घेऊन सिंधमधून आले, धाकटे तिकडचं दुकान विकायला मागे राहिले, गिऱ्हाईक भाव पाडून मागत होतं म्हणून अजून थोडं थांबले आणि आले ते एकदम फेब्रुवारी २०१५ च्या मधोमध. थोरले आता भारतीय आहेत. धाकटे नाहीत.

सीएए, म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख वगैरे अल्पसंख्याकांना नागरिकता देणारा कायदा, त्यातली तारीख आहे ना, ३१ डिसेंबर २०१४, तिचा हा प्रताप. त्याच्या आत आलात तर पाच वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो, मुदत संपलेला पासपोर्ट चालतो, शाळेचा दाखला पण चालतो, समाजाच्या संस्थेचं पत्र लागतं, आणि गंमत म्हणजे जिल्हा समितीचे प्रमुख पोस्टाचे सुपरिंटेंडेंट! कायदा २०१९ चा, नियम यायला मार्च २०२४ उजाडला, पण त्यानंतर थोरल्यांचं काम तसं सरळ झालं.

धाकट्या दादांचे फॉर्म मी भरते, बँकेतून रिटायर झालेय आणि कॉम्प्युटर येतो हा माझा गुन्हा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळे कागद, हिरवे पासपोर्ट, त्यांना गुंडाळलेलं रबरबँड वितळून कव्हरला चिकटलंय. मुलीचं नाव पासपोर्टवर एक आणि व्हिसावर दुसरंच.

त्यांना जुना रस्ता आहे, म्हणजे स्वतः किंवा आईवडिलांपैकी एक जण अखंड भारतात जन्मला हे दाखवलं तर सात वर्षं, नाहीतर बारा. सात तर २०२२ लाच झाली. पण १९३८ साली सिंधमधल्या खेड्यात जन्मलेल्या त्यांच्या वडिलांचा जन्मदाखला आणायचा कुठून? एका ऑफिसात साहेब म्हणाले, तिकडून मागवून घ्या. जिथून जीव घेऊन निघालो तिथेच पत्र लिहा! दादा काही बोलले नाहीत, नुसते डबा बंद करत राहिले.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये फी उतरवून १०० रुपये केली, आधी ती पंधरा हजारांपर्यंत जायची. बँक खातं, पॅन, आधार, राहायला घर, सगळं लॉंग टर्म व्हिसावर मिळायला लागलं, इंदूरच्या कलेक्टरला नागरिकता द्यायचे अधिकार तेव्हाच मिळाले, बडोद्याला २०२१ मध्ये. पण पहलगामनंतर एप्रिल २०२५ ला पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द झाल्याची बातमी आली आणि दादा रात्री साडेदहाला लॅमिनेट केलेला व्हिसा घेऊन माझ्या दारात. "दीदी, ये चलेगा ना?" लॉंग टर्मवाल्यांना सूट होती, मी मोबाइलवर तीनदा वाचून दाखवलं, तरी दोन दिवस शटर अर्धंच उघडं.

माझा भाचा टोरंटोला असतो, तो म्हणतो तिकडे पाच जण मिळून एखाद्या निर्वासित कुटुंबाला बोलावू शकतात आणि वर्षभर त्याचं भाडं-किराणा बघतात, १९७९ पासून चालू आहे, व्हिएतनामहून होड्यांतून निघालेली माणसं अशीच आणली. मला एकदम आमची भिशीच आठवली. पण त्यांनाही आधी ‘हा निर्वासित आहे’ असा कुणाचा तरी कागद लागतोच, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात असे नवे अर्ज घेणंही थांबवलं. आपण तर १९५१ च्या निर्वासित करारावर सही पण केलेली नाही, म्हणून आपल्याकडे सगळं आदेश निघेल तसं. आणि सीएएमध्ये पाकिस्तानातले अहमदिया, म्यानमारमधले रोहिंग्या बसतच नाहीत, ते मला पटत नाही, दादांना पटतं, त्यावरून आमचं एकदा वाजलं पण आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये अजून एक आदेश आला, सीएएमधल्याच समाजांचे जे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले त्यांच्यावर कागद नाहीत म्हणून कारवाई नाही. नागरिकतेची तारीख मात्र तीच.

आता नवीन आयडिया थोरल्यांची. हरिद्वारला पंड्याच्या, म्हणजे तिथल्या तीर्थपुरोहिताच्या, बहीत (वहीत) घराण्याची नावं असतात, आजोबा एकदा तिथे जाऊन आले होते, बहुतेक वडिलांना कडेवर घेऊन. ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, आधी आणा तर, मग बघू. पुढच्या आठवड्यात दोघं निघतायत, दुकान वहिनी बघणार. मला सांगून गेलेत, फोटो पाठवला की झूम करून स्पेलिंग बघा.