आईसोबत लायटिंग बघायला

आज खूप दिवसांनी आईला घेऊन शहरात लायटिंग बघायला गेलो, निघेपर्यंत मिट्ट अंधार, साहजिकच आहे म्हणा, आपल्याकडे २१-२२ डिसेंबरला वर्षातला सगळ्यात लहान दिवस. तिच्या स्वेटरला अजून डांबरगोळ्यांचा वास येत होता. गर्दीत तिने माझा हात धरला तर बोटं बर्फासारखी गार, मग तिचा हात माझ्या जॅकेटच्या खिशात घेतला आणि तसेच अर्धा तास फिरलो, लहानपणी ती माझा हात असाच शालीत घ्यायची. परत येताना अंधाऱ्या गल्लीत थांबून तिने पूर्वेला बोट केलं, ते बघ मृग, आणि पोटातला बाण, तीन तारे एका रेषेत, एकदम स्वच्छ! किती वर्षांनी वर बघितलं मी. लायटिंगचे ढीगभर फोटो काढले, आईचा एकही नाही. उद्या परत नेणार आहे तिला.