तुम्ही विचारलंत म्हणून: ड्युटी सहा तासांची, मग सिस्टरला रजा का मिळत नाही?

चतुर्थी जवळ आली की हे विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. सरकारी रुग्णालयात ड्युटी सहाच तासांची, मग सिस्टरला गणपतीत चार दिवस सोडायला काय होतं? सोडायला कुणाचीच ना नसते. माणसं पुरत नाहीत.

पाळ्या बहुतेक ठिकाणी सारख्याच: सकाळी ८ ते २, दुपारी २ ते रात्री ८ आणि नाइट रात्री ८ ते सकाळी ८. नाइट बारा तासांची, हे विचारणाऱ्याच्या लक्षातच नसतं. प्रत्येक पाळीला एकच सिस्टर धरली तरी आठवड्याचे १६८ तास होतात. चौघींत वाटले तर सरासरी ४२, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पण सरासरीने कुणी ड्युटी करत नाही. जिला सात रात्री लागल्या तिचे त्याच आठवड्यात ८४ तास होतात आणि दिवसाच्या १४ पाळ्या उरलेल्या तिघींवर येतात. एवढ्यात नाइट-ऑफ (रात्रपाळ्या संपल्यावरची विश्रांतीची सुट्टी) आणि साप्ताहिक सुट्टी निघते. चौथी रजेवर गेली की एक नाइटला आणि दोघींना सात-सात पाळ्या. सुट्टी कुणालाच नाही.

आता वर्षाच्या ८ किरकोळ आणि ३० अर्जित रजा धरा. चौघींच्या मिळून १५२ दिवस. सगळ्यांनी हक्काची रजा घेतली तर पाच महिने वॉर्ड तिघींवर चालणार. म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ धरलेलं आहे, चौघींमागे निदान पाचवी. ती बऱ्याचदा कागदावरच असते. २०२० मध्ये राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्यातूनही रुग्णालयं वगळली गेली.

ड्युटी लिस्ट लावताना आधी नाइट लिहायच्या, मग नाइट-ऑफ, मग मंजूर रजा, मग साप्ताहिक सुट्ट्या. उरलेल्यांतून सकाळ आधी भरायची, कारण राउंड, इंजेक्शनं, ड्रेसिंग, डिस्चार्ज सगळं तेव्हाच. दुपार शेवटी. हा क्रम उलटा झाला की सकाळची ड्युटी करून २ वाजता सुटलेली सिस्टर त्याच रात्री ८ वाजता नाइटला उभी राहते. त्याहून वाईट म्हणजे नाइट करून सकाळी ८ला सुटायचं आणि तोच दिवस साप्ताहिक सुट्टी म्हणून मांडायचा. लिस्टमध्ये सुट्टी दिसते, प्रत्यक्षात तो दिवस झोपेत जातो. लिस्ट तपासायची असेल तर आधी हीच जागा पाहा.

कोकणात यावर पाऊस. जुलै-ऑगस्टात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), सर्पदंश, ताप यांनी खाटा भरतात आणि नेमका तेव्हाच घाट बंद, एसटी बंद. दुपारपाळी ८ला सुटते, पण ओव्हर देईपर्यंत, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवेपर्यंत, साडेआठ होतात आणि आतल्या गावची शेवटची गाडी निघून जाते. अशा गावच्या सिस्टरला दुपार लावायची तर राहायची सोय आधी विचारावी. सकाळपाळीची सिस्टर अडकली तर नाइटवालीला वॉर्ड सोडता येत नाही, तिचे बाराचे अठरा तास होतात. ग्रामीण रुग्णालयात रात्री अडलेली बाळंतीण जिल्हा रुग्णालयात किंवा सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला न्यायची वेळ आली आणि सिस्टर सोबत गेली, तर मागे कोण? लिस्टमध्ये ऑन-कॉलचं एक नाव हवं, आणि तेही क्वार्टर्समध्ये राहणारीचं.

राहिला गणपती. जून संपायच्या आत चतुर्थीला कोण, गौरीला कोण, शिमग्याला कोण हे सगळ्यांनी बसून ठरवावं. ज्यांच्या घरी ईद किंवा नाताळ असतो त्या चतुर्थीला थांबतात, त्यांच्या सणाला बाकीच्यांनी थांबायचं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे हे सोपं जातं. एकीला सगळे पाच दिवस देण्यापेक्षा विसर्जनाच्या हिशेबाने दोघींना अर्धे-अर्धे द्यावेत. आणि ड्युटी बदलायची तर व्हॉट्सॲपवर ‘हो’ म्हणून भागत नाही. अर्जावर दोघींच्या सह्या आणि इन्चार्ज सिस्टरची मंजुरी घ्या, कारण वॉर्डात काही घडलं तर जबाब लिस्टमध्ये नाव असलेलीलाच द्यावा लागतो.